गुरुवारी दक्षिणेला

वाती वळताना फोन आला, की इंदूकाकू तो कानाशी धरत नसत. समोर पाटावर ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि हात चालूच ठेवायचे. लाख वातींचा नेम होता, आणि एकदा बसल्यावर दीडशे झाल्याशिवाय उठायचं नाही असा नियम. त्यामुळे राइट टाउनमधल्या त्या घरात कोण कुठल्या गावाला निघालंय, हे स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना ऐकू येई.

आणि निघणारे पुष्कळ. जबलपुरातल्या मराठी घरांतली निम्मी मुलं पुण्याला नोकरीत. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाचा गृहप्रवेश, कोणाचे डोळ्यांचे डॉक्टर तिथले. डुमन्याच्या विमानतळावरून आठवड्यातून तीनदा, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, एका छोट्या कंपनीचं बहात्तर खुर्च्यांचं विमान थेट पुण्याला जायचं. तिकीट काढण्याआधी बायका काकूंना फोन करत. काकूंची आई पंचांग बघायची, सासू बघायची, आता त्या बघत. कोणाकडून सुपारीसुद्धा घेत नसत. सेवा म्हणून.

त्या जानेवारीतल्या सकाळी फोन मेघाचा होता. मेघा दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेली, नवरा बँकेत.

"काकू, मंगळवारचं तिकीट साडेनऊ हजार दाखवून राहिलं, आणि गुरुवारचं एकवीसशे! एकच विमान, एकच पुणं. काहून असं?"

"ते मला काय कळतंय बाळा. पण गुरुवारी दक्षिणेला जाऊ नये. दिशाशूल असतो. नर्मदा ओलांडली की दक्षिण."

"म्हणजे साडेनऊ हजारवालंच काढू? दोघांचं?"

"पैशाचं तू बघ. वाराचं विचारलंस म्हणून सांगितलं."

"चलो, ठीक आहे काकू. तुम्ही म्हणता तर मंगळवारच."

स्वयंपाकघरात काकूंची सून विनता डबा भरत होती. त्या विमान कंपनीच्या काउंटरवर ती सहा वर्षं नोकरीला होती. अंगावर कंपनीची निळी साडी, केस घट्ट बांधलेले. तिनं सगळं ऐकलं, पोळीच्या डब्याचं झाकण लावलं आणि "येते आई" म्हणून निघून गेली. चेहऱ्यावर काही नाही. विनता तशी कमीच बोलायची. काकूंना वाटायचं, आपल्यासारखीच आहे.

चार दिवसांनी भय्यासाहेब आले. काकूंच्या यजमानांचे हे जुने मित्र. यजमान गेल्यावरही रविवारचा चहा त्यांनी सोडला नव्हता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून शहराला विमानं मिळावीत म्हणून नागरिकांची जी समिती होती, तिचे ते सचिव. निवेदनं देणं, खासदारांना भेटणं, हे त्यांचं काम. बोलणं मात्र तोफेसारखं.

"वैनी," ते बसण्याआधीच म्हणाले, "आम्ही दोन वर्षं चपला झिजवून राहिलो आणि तुम्ही घरात बसल्या बसल्या विमान बंद पाडून राहिल्या!"

"मी?" काकूंच्या बोटांतली वात सुटली.

"नाही तर काय! कंपनीचं पत्र आलं समितीला. गुरुवारी पुण्याहून विमान भरून येतं आणि इथून अकरा माणसं घेऊन जातं. अकरा! तिकडच्या हेडऑफिसातला साहेब डोकं खाजवून राहिला, की या गावातून गुरुवारी कोणी जात काहून नाही. आता त्याला काय सांगू? आमच्या इंदूवैनींनी नाही म्हटलं म्हणून?"

"एकट्या माझ्या सांगण्यानं काय होतंय, भय्यासाहेब? दिशाशूल तर इथले हिंदीवालेही मानतात."

"मानतात ना. पण संशय आला की तेही तुमच्याच शेजारणीला विचारतात, आणि ती तुम्हाला." त्यांनी खिशातून कागद काढला. "सरकारची सुरुवातीची मदत ऑगस्टात संपली. आता कंपनी म्हणते, पुढच्या सहा गुरुवारांत इथून मिळून तीनशे माणसं जायला हवीत. नाही गेली तर मार्चअखेर नवं वेळापत्रक लागेल तेव्हा तिन्ही दिवस बंद. विमान दुसऱ्या गावी नेऊ. आणि इथलं ऑफिस बंद झालं की विनताची बदली हुबळीला. हे तरी तिनं सांगितलं ना तुम्हाला?"

सांगितलं नव्हतं.

सौमित्र, काकूंचा मुलगा, रांझीच्या कारखान्यात कामाला. त्याची नोकरी उचलून नेता येणारी नव्हती. नात समृद्धी नववीत, पुढच्या वर्षी दहावी. आणि विनताच्या पगारावर घराचे हप्ते. हुबळी म्हणजे घराचे दोन तुकडे.

संध्याकाळी विनता घरी आली तेव्हा काकू मटार सोलायला बसल्या होत्या. तीही हातपाय धुऊन शेजारी बसली.

"हुबळीचं मला काहून नाही सांगितलं?"

विनताचे हात थांबले. "काय सांगणार होते आई? तुम्ही लोकांना जे सांगता ते श्रद्धेनं सांगता. माझ्या नोकरीसाठी ते सोडा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

काकूंना एकदम भरून आलं. सहा वर्षं ही मुलगी रोज सकाळी डबा भरताना ते फोन ऐकत होती. काही न बोलणं प्रत्येक वेळी सारखंच नसतं, हे त्यांना आज कळलं.

"मला जरा समजावून सांग," त्या म्हणाल्या. "मंगळवारी साडेनऊ आणि गुरुवारी एकवीसशे, हे कसं? भाजीवाला संध्याकाळी भाव पाडतो, कारण भाजी सडते. खुर्चीही तशीच ना? विमान उडालं की रिकामी खुर्ची सडलीच."

विनता हसली. "सडते आई. पण संध्याकाळी भाजीवाल्याकडे येतो तो घासाघीस करायला येतो. आमच्याकडे शेवटच्या दिवशी जो येतो, त्याच्या घरचं कोणी दवाखान्यात असतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू असतो. तो घासाघीस करत नाही. म्हणून कंपनीचा कॉम्प्युटर शेवटच्या चार खुर्च्या त्याच्यासाठी राखून भाव चढवत नेतो."

"म्हणजे ज्याची नड मोठी, त्याला भाव मोठा?"

"हो."

"आणि सरकार काही म्हणत नाही?"

"कंपनीनं आपला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा भाव लिहून दाखवायचा. त्याच्या आत हवा तो घ्यायची मुभा."

"वरचा कोण ठरवतं?"

"कंपनीच."

काकूंनी एक शेंग उगाच दोनदा उघडली. "मग मेघाकडून साडेनऊ हजार घेतले ते..."

"तिच्या नडीचे नाही आई. ते मंगळवारच्या गर्दीचे. गुरुवारचे सगळे मंगळवारी आणि शनिवारी येतात, कॉम्प्युटरला वाटतं, या दोन दिवशी मागणी जबरदस्त. तो भाव वाढवतो. मग ज्यांना झेपत नाही ते टॅक्सी करून नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावरून नागपूरला जातात आणि तिथून उडतात. तिथं चार कंपन्या एकमेकींशी भांडतात, म्हणून स्वस्त. आमचं खरं भांडण नागपूरच्या विमानतळाशी आहे, आणि ते आम्ही हरतोय."

त्या रात्रीच्या प्रार्थनेत काकूंनी काही मागितलं नाही. मागण्यासारखं काय आहे, तेच नक्की होत नव्हतं. दिशाशूल नाही असं म्हणायचं? पन्नास वर्षं मानलेलं एका नोकरीसाठी सोडायचं?

भय्यासाहेबांकडे उपाय तयार होता. दुसऱ्या दिवशी ते शाळेचा नकाशाच घेऊन आले. "पाहा वैनी. पुणं दक्षिणेला थोडीच आहे? पट्टी लावून पाहा, पश्चिमेला किती सरकलंय! पश्चिमेचा दिशाशूल शुक्रवारी आणि रविवारी. त्या दोन दिवशी आपलं विमानच नाही. एक वाक्य बोला, की पुणं पश्चिमेला. खेळ खलास!"

काकूंनी नकाशा बराच वेळ पाहिला. पुणं खरंच नैऋत्येला होतं. मनात आलं, बोलून टाकावं. मग त्या म्हणाल्या, "भय्यासाहेब, नागपूर रस्त्यानं निघालो तेव्हा मी जन्मभर दक्षिणच म्हटलं. आज सुनेची बदली अडवायची म्हणून पश्चिम म्हणू? मग उद्या माझ्या कुठल्या दिशेवर कोणी विश्वास ठेवावा?"

"मग बसा वाती वळत!" ते चिडून म्हणाले, पण चहा पिऊनच गेले.

वाती वळत बसल्या असतानाच काकूंना आठवलं. त्या लहान असताना वडिलांची बदली झाली होती, हजर व्हायचा दिवस नेमका वाईट वार. तेव्हा आईनं आदल्या दिवशी वडिलांचं एक उपरणं घेतलं, त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधली आणि ते गाठोडं वाटेवरच्या ओळखीच्या घरी ठेवून आली. प्रस्थान ठेवलं, म्हणाली. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते वाटेत उचलायचं आणि पुढं जायचं. नवं निघणं नाही, म्हणून वाराचा दोष नाही.

बुधवारी दक्षिणेला काही दोष नव्हता. काकूंनी पंचांग तीनदा तपासलं, मग आपणहून पहिला फोन लावला. मेघालाच.

"बाळा, तुला मी अर्धंच सांगितलं होतं. नाही म्हणायचं सांगितलं, परिहार सांगायचा राहिला. चूक माझी."

आता प्रश्न उरला गाठोडी कुठं ठेवायची. घर दुसऱ्याचं हवं आणि दक्षिणेच्या वाटेवर हवं. असं घर एकच होतं. गढ्याला, तिलवाऱ्याच्या रस्त्याला लागून, भय्यासाहेबांचं.

"माझ्या घरी?" भय्यासाहेब ओरडले. "मी हे मानत नाही हो!"

"तुम्ही मानू नका," काकू हळूच म्हणाल्या. "फक्त व्हरांडा द्या."

पहिल्या बुधवारी नऊ गाठोडी आली. दुसऱ्या बुधवारी भय्यासाहेबांनी बाक रिकामा करून दिला. तिसऱ्या बुधवारी चाळीसच्या वर. रुमाल, ओढण्या, कोणाच्या तरी नातवाचं झबलं, एका लष्करातल्या मेजरसाहेबांचा मफलर, शेजारच्या हिंदी घरांतल्या लाल चुनऱ्या. भय्यासाहेब वही घेऊन नावं लिहून चिठ्ठ्या डकवू लागले. "अदलाबदल झाली तर दोष मला लागायचा," म्हणायचे. गुरुवारी सकाळी माणसं गढ्याला जाऊन गाठोडी उचलायची आणि तिथून उलट डुमन्याला निघायची. विमानतळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण कोणी तक्रार केली नाही.

पहिल्या गुरुवारी एकोणतीस जण गेले, दुसऱ्या गुरुवारी शेहेचाळीस, तिसऱ्या गुरुवारी साठ. विनता घरी आल्यावर दारातूनच बोटांनी आकडा दाखवायची.

चौथ्या गुरुवारी तिनं काही दाखवलं नाही. चपला काढल्या आणि पायरीवरच बसली.

"एकतीस."

"काहून? काल बाक पुरला नाही, म्हणून खाली सतरंजी घातली होती भय्यासाहेबांनी!"

"गाठोडी होती आई. तिकिटं नव्हती." विनतानं कपाळाला हात लावला. "लोकांनी आधी प्रस्थान ठेवलं आणि मग बुधवारी संध्याकाळी तिकीट काढायला बसले. म्हणे, शुभ काम झाल्याशिवाय पैसे कसे भरायचे? एकाच संध्याकाळी तीसेक जणांनी फोन उघडले. कॉम्प्युटरला वाटलं, गावात काही अघटित घडलं. भाव एकवीसशेवरून साडेआठ हजारांवर. निम्मे लोक आपापली गाठोडी घेऊन नागपूरच्या टॅक्सीत बसले."

काकूंना हसू आलं आणि रडूही. मग मात्र त्या फोन घेऊन बसल्या. दीडशे वाती राहिल्या त्या दिवशी. नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी तीनशे वळायच्या, अशी त्यांनी स्वतःलाच सवलत दिली. एकेकीला सांगत गेल्या, "तिकीट काढणं म्हणजे निघणं नव्हे गं. तो नुसता संकल्प. संकल्प कितीही आधी करता येतो. महिनाभर आधी कर. गाठोडं बुधवारी."

पाचव्या गुरुवारी एकोणसाठ. सहाव्या गुरुवारी सहासष्ट.

भय्यासाहेबांनी वहीत बेरीज तीन वेळा केली. दोनशे एक्याण्णव. नऊ माणसं कमी.

त्यानंतरचे दहा दिवस घरात कोणी हुबळीचं नाव काढलं नाही. सौमित्र कारखान्यातून आला की बायकोच्या तोंडाकडे बघायचा आणि जेवायला बसायचा. समृद्धीनं एकदा विचारलं, "आजी, हुबली में हिंदी चलती है?" आणि काकूंनी तिला जवळ ओढून घेतलं.

कंपनीचं पत्र आलं ते अर्ध्या आनंदाचं. एक मोठी कंपनी एप्रिलपासून जबलपूर–पुणे उडणार होती, मंगळवारी आणि शनिवारी, मोठं विमान, उद्घाटनाचा भाव पंधराशे. त्या भावाला छोटी कंपनी टिकणार नव्हती, म्हणून तिनं ते दोन दिवस सोडले. गुरुवार मात्र ठेवला. ऑफिस राहील, विनता राहील, पगार थोडा कमी, आणि हे ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा पुन्हा बघू.

"मोठ्यांनी गुरुवार काहून नाही घेतला?" काकूंनी विचारलं.

"त्यांनी मागच्या दोन वर्षांचे आकडे पाहिले असणार. मंगळवारी साडेनऊ हजारांनी भरलेलं विमान, म्हणून मंगळवार घेतला. गुरुवारी अकरा माणसं. त्यांना वाटलं, या गावाला गुरुवार नकोच. आई, गाठोड्यांनी जेवढं वाचवलं, तेवढंच तुमच्या आधीच्या 'नाही'नंही वाचवलं."

काकूंना यात देवाचा हात दिसला, पण तो कुठल्या बाजूनं फिरला ते सांगता येईना.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये पन्नास-साठ बायका जमल्या होत्या. कैरीची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांची ओटी. पन्ह्याची पातेली पोचवायला भय्यासाहेब दारात उभे. बेबीताई म्हणून मंडळाच्या अध्यक्षा होत्या, आवाज खणखणीत. त्यांनी भर हॉलमध्ये विचारलं, "इंदूकाकू, आता मंगळवारचं मोठं विमान सुरू झालं, पंधराशेत! मे महिन्यात आमच्या घरचे सहा जण जायचे आहेत. मंगळवार कसा हो दक्षिणेला?"

हॉल शांत झाला. पन्ह्याचे पेले हातात तसेच राहिले. पन्नास घरांचा मे महिना त्या एका उत्तराची वाट बघत होता, आणि हे काकूंना स्पष्ट दिसलं. डाळीची ताटली धरून विनता भिंतीशी उभी होती. तिनं मान खाली घातली.

भय्यासाहेब दारातून पुढं वाकले आणि कुजबुजले, "वैनी, काढा काहीतरी. भद्रा काढा, राहूकाळ काढा. एक शब्द. मोठ्यांचं विमानही बघू द्या रिकाम्या खुर्च्या!"

खोटं बोलायची गरजही नव्हती. "जरा बघून सांगते" एवढं म्हटलं असतं, तरी अर्ध्या घरांनी मंगळवार सोडला असता. समृद्धीची दहावी डोळ्यांसमोर आली.

"मंगळवार दक्षिणेला निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "खुशाल जा. गुरुवारीही प्रस्थान ठेवून निघालं तर दोष नाही. ज्याला जे सोयीचं. तिकीट मात्र आधी काढा, ते दोन्हीकडे सारखं."

"बस्स, मग मंगळवारच!" बेबीताई म्हणाल्या, आणि हॉल पुन्हा बोलू लागला. भय्यासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

बाहेर आल्यावर विनतानं स्कूटी काढली, पण सुरू केली नाही.

"आई, तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी सगळ्यांनी ऐकलं असतं."

"हो ना. म्हणूनच दुसरं काही सांगता येईना."

"आणि ऑक्टोबरात गुरुवार नाही राहिला तर?"

काकू पदर सावरत मागं बसल्या. "तर तू जाशील हुबळीला. मी समृद्धीचे डबे करीन, सौमित्रला भाकरी करून घालीन. जड जाईल, खोटं कशाला बोलू. पण जायच्या वेळी तू मला वार विचारशील, आणि मी जो सांगेन तो खरा आहे की माझ्या सोयीचा, असं तुला मनात यायला नको."

विनतानं हेल्मेट चढवलं आणि काचेआडून म्हणाली, "हुबळी पुण्याहूनही दक्षिणेला आहे, आई. गुरुवार सोडून कुठलाही सांगा."

"बघू गं," काकू म्हणाल्या, आणि तिच्या खांद्याला घट्ट धरून बसल्या. स्कूटी गर्दीतून राइट टाउनकडे वळली.